बत्तीस भाडेकरू आणि अलिबागचं लाईव्ह

बोरीची वाडी, दिघीच्या अलीकडे
श्रावणातला दुसरा सोमवार (उपास आहे, त्यामुळे पत्र लांबलं तर तो रिकाम्या पोटाचा दोष समजावा)

तीर्थस्वरूप मेव्हणे, शाहीर भिकूदादा यांच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचा एकुलता एक नवरा अनंता याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचं कारण पुढं येईल, तोवर मधून उठून जाऊ नये. फोन तुम्ही उचलत नाही. तेजस्वीनं उचलला तर "बाबा झोपलेत" म्हणते. सकाळी झोपलेला, दुपारी झोपलेला आणि दिवेलागणीलाही झोपलेला प्राणी मी आमच्या म्हशीशिवाय दुसरा पाहिलेला नाही, आणि तीसुद्धा मधून उठून रवंथ करते. म्हणून म्हटलं, पत्र टाकावं. झोपलेल्या माणसाच्या उशाशी पत्र ठेवता येतं. आपली तब्येत कशी आहे? गुडघा? खोकला? तळा गावची हवा मानवली का? लेकीच्या घरी खाण्यापिण्याची आबाळ नसणार, पण चावण्याचं कसं काय चाललंय? आणि ती रात्री वाटीतल्या पाण्यात ठेवायची वस्तू (मी नाव घेत नाही, तुम्हाला आवडत नाही) ठीक आहे ना? तुमची बहीण नलू म्हणते हे विचारू नका. तेव्हा मी विचारलं नाही असं धरावं.

इकडं सर्व क्षेम. भाताची लावणी आटपली, आवण चांगलं लागलंय. नलूची कंबर लावणीनं धरली होती, ती आता सुटली आणि जीभ सुटली. आपल्या गाण्याच्या मंडळाची मात्र परिस्थिती वाईट आहे. गेल्या गौरीच्या रात्री काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण वाडीत त्या रात्रीच्या छप्पन्न गोष्टी फिरताहेत आणि तुमच्या पायाशी ढोलकी घेऊन मी बसलो होतो, तेव्हा माझी खरी धरावी. शक्ती-तुऱ्याचा सवाल-जबाबाचा सामना रंगात आला होता. आपण शक्तीवाले. समोर तुरेवाल्यांची ती नवी शाहीर नेत्रा, वयानं तुमच्या तेजस्वीएवढी. तुम्ही गवळणीचा असा काही वरचा सूर लावलात की देवळावरची कवलं हलली, आणि त्या सुराबरोबर तुमची कवळी (घेतलं शेवटी नाव) तोंडातून सुटली ती थेट माझ्या ढोलकीच्या काळ्या शाईवर येऊन बसली. हाताच्या ओघात मी तिच्यावर एक थाप मारली. ताल चुकला नाही एवढं तरी माझ्या पदरात टाका. सभा हसली. तुम्ही रांगत कवळी शोधायला लागलात, आणि त्या पोरीनं उभ्या उभ्या सवाल बांधून टाकला:

बत्तीस भाडेकरू घरात भरले,
घरमालक गेला कुठं?
सांग शाहिरा सभेत आत्ता,
नाहीतर गाशा गुंडाळून ऊठ!

तुम्ही तोंडाला टॉवेल लावलात आणि मांडवातून निघून गेलात. शिमग्यानंतर तर वाडीतूनच गेलात. आता सामन्याचा नियम मी तुम्हाला काय सांगायचा? सवालाला जबाब गेला नाही तर सवाल वर्षभर गावाच्या डोक्यावर उभा राहतो. तो उभा आहे. रेशनच्या दुकानात उभा आहे, फेरीबोटीच्या धक्क्यावर उभा आहे. परवा म्हसळ्याच्या एसटीत कंडक्टरनं मला तिकीट देताना विचारलं, "गावला का घरमालक?" यंदाच्या गौरीला पुन्हा जबाब गेला नाही तर सामन्याची सुपारी पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला जाणार असं ठरलंय. तुमच्या आजोबांनी आपल्या देवळापुढं आणलेली रात्र, ती आपल्या डोळ्यांदेखत उठून शेजारी जाणार. म्हणून मंडळाची बैठक झाली, आणि तुम्ही तर येणार नाही (तुम्ही झोपलेले), तेव्हा नवा गाणारा शोधावा असा ठराव झाला.

शुभम आपला सेक्रेटरी, तो बंदरावर नोकरीला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडं तोडगा असतो. तो म्हणाला, अलिबाग शहरात आता शनिवार-रविवारी गल्लोगल्ली लाईव्ह म्युझिक असतं, गाणारे ढिगानं आहेत, एखादा उचलून आणू. मी विचारलं, लाईव्ह म्हणजे काय? म्हणाला, म्हणजे गाणारा समोर जिवंत असतो. हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपल्याकडं आजवर कोणता शाहीर मेल्यावर गायलाय? पण बैठकीत जास्त विचारलं की लोक अडाणी समजतात, म्हणून मान डोलावली. मला तसंही अलिबागला जायचंच होतं. तुमच्या त्या वस्तूमुळं ढोलकीच्या शाईचा टवका उडाला होता आणि वर्षभर ढोलकी बद्द बोलत होती, रिकाम्या डब्यासारखी. तेव्हा ढोलकी दुरुस्त करणं, गाणारा गाठणं आणि गौरीच्या सामन्याचा फ्लेक्स छापायला टाकणं अशी तीन कामं घेऊन शनिवारी सकाळी निघालो.

पावसाचं पाणी लागू नये म्हणून ढोलकी नलूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरली होती. दिघीला फेरीत चढलो तर एक मुंबईची बाई गाडीतून उतरून मला बसायला जागा द्यायला लागली. हळू आवाजात म्हणाली, "झोपलंय का?" मला वाटलं तुमच्याबद्दलच विचारतेय. मी म्हटलं, हो, वर्ष झालं, उठतच नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या लक्षात आलं की ती लुगड्याकडं बघतेय. आता खरं सांगावं तर बाई खजील होणार, नाही सांगावं तर मी बाप ठरणार. मी आगरदांड्याचा धक्का येईपर्यंत लुगड्यावर थोपटत बसलो. सवयीनं केरव्याचा ताल लागला. बाई म्हणाली, तुम्ही फार छान थोपटता. मी आभार मानले.

अलिबागला ढोलकीवाल्याकडं (तुम्हीच पूर्वी मला त्याच्या दुकानात नेलं होतं) ढोलकी टाकली. त्यानं शाईवर बोट फिरवून विचारलं, यावर पडलं काय? मी म्हटलं, नारळ. तो म्हणाला, नारळाला दात असतात का? मी विषय बदलला. संध्याकाळपर्यंत त्यानं नवी शाई चढवून दिली, आणि काय सांगू दादा, पहिली थाप मारली तेव्हा मला तुमची आठवण आली. म्हणजे रागानं नाही, नुसती आठवण आली. फ्लेक्सवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, बाकी सगळं बसवलंय, शाहिराचं नाव तेवढं सांगा. मी म्हटलं, उद्या सांगतो, शोधतोय. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि पुन्हा काँप्युटरकडं वळला.

रात्रीचा मुक्काम माझ्या चुलत बहिणीच्या राहुलकडं होता. तो तिथं बँकेत आहे. तोच मला घेऊन फिरला, आणि त्याला आता पश्चात्ताप होत असावा. पहिल्यांदा आम्ही समुद्राकडच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेलो. दारात पाटी, रंगीत दिवे आणि आत एक दाढीवाला मुलगा उंच स्टुलावर बसून गिटार वाजवत गात होता. गाणारा गात होता आणि लोक जेवत होते! आपल्याकडं सामन्याच्या मांडवात कोणी पत्रावळ मांडली तर शाहीर ती उचलून त्याच्या डोक्यावर ठेवील. इथं मात्र त्या मुलाला काहीच वाटत नव्हतं. मी रिवाजाप्रमाणं गाणाऱ्याच्या समोर जाऊन जमिनीवर मांडी घातली, तर वेटर धावत आला, "काका, पडलात का?" म्हणून. मला खुर्चीत बसवलं. मुलानं एक जागा खरोखर बरी घेतली, म्हणून मी मोकळ्या गळ्यानं "वा शाहीर, जियो!" अशी दाद दिली. तो दचकून थांबलाच. त्याला वाटलं काही मोडलं. सगळे घास हातात धरून माझ्याकडं बघायला लागले. राहुल माझी बाही ओढून म्हणाला, मामा, इथं अशी दाद देत नाहीत. मग कशी देतात? तर म्हणे मनातल्या मनात. मी विचारलं, मग ती त्याला पोचते कशी? राहुल मेनू वाचायला लागला.

मध्यंतरात (अर्धा पाऊण तास गायला की ते दम घेतात, आपला सुरुवातीचा गणसुद्धा तेवढ्यात आटपत नाही) मी त्या मुलाला गाठलं. आधी मूळ मुद्दा, म्हणून विचारलं, तुम्ही शक्तीवाले की तुरेवाले? तो म्हणाला, मी फ्रीलान्स. म्हणजे हा तिसराच पक्ष निघाला. तो पक्ष कोणत्या देवाला मानतो ते विचारणार होतो, पण राहुलनं पुन्हा बाही ओढली. मी गौरीचं आमंत्रण दिलं आणि म्हटलं, पहाटेपर्यंत उभ्यानं गावं लागेल, समोरची पार्टी तुमच्या घराण्याचा उद्धार करील, त्याला हसत जबाब द्यायचा. तो फार सभ्य मुलगा होता. त्यानं मला पाणी प्यायला दिलं.

तिथून आम्ही एका बंगल्यावर गेलो. त्या कार्यक्रमाला ओपन माईक म्हणतात. इथं माझी जी चूक झाली ती कोणाचीही झाली असती, म्हणजे आपल्या वाडीतल्या कोणाचीही. पडवीत सतरंज्या अंथरलेल्या. लोक जमिनीवर बसलेले. मधे जायला वाट सोडलेली, त्यामुळं डावीकडं एक जमाव आणि उजवीकडं एक जमाव. कोणी जेवत नव्हतं. मी म्हटलं, देवा, सापडला एकदाचा सामना. दारात एका मुलीनं माझं नाव विचारलं, काखेतल्या लुगड्यात काय आहे ते विचारलं, मी ढोलकी म्हटलं, तिनं ते लिहून घेतलं. मला वाटलं पानं मांडायला नावं घेताहेत. मी राहुलचंही नाव दिलं आणि उपासाचं नाही असं सांगितलं.

तर डाव्या बाजूनं एक मुलगी उठली. राही तिचं नाव, पेणची. चष्मा, किरकोळ अंगाची, गिटार तिच्यापेक्षा मोठी. तिनं स्वतः बांधलेलं गाणं म्हटलं. चाल साधी, आवाज बारीक, पण खरा. आणि त्या गाण्यात सवाल होता! "तू इथेच होतास ना, मग कुठे गेलास?" असा तिनं तो पुन्हा पुन्हा टाकला, शेवटच्या वेळी तर आवाज अगदी खाली घेऊन. टाकला आणि गिटार खाली ठेवून ती जाऊन बसली. मी सरसावून उजव्या बाजूकडं बघायला लागलो. आता जबाब येणार.

उजवीकडून एक मुलगा उठला. त्यानं कॉफी थंड झाल्याचं गाणं म्हटलं. मला वाटलं, असेल, घोळवून जबाब देत असेल, आपला भिकूदादासुद्धा आधी दोन कडवी समोरच्याला झुलवतो. पण कॉफी थंड झाली आणि तो खाली बसला! मग एक गृहस्थ उठले, ते इंग्रजीत काहीतरी रागावून बोलले, पण सवालाला शिवले नाहीत. मग एक बाई आल्या, त्यांनी गझल म्हटली, चांगली म्हटली, पण जबाब नाही. दादा, माझे कान तापले. समोर ती पोर मान खाली घालून बसलेली. एवढा सवाल टाकून वीस माणसांत एकानं तिला उत्तर देऊ नये? आपण तुरेवाल्यांशी पिढ्यान् पिढ्या भांडतो, पण त्यांचा सवाल असा अनाथ कधी टाकलाय का? (गेल्या वर्षी टाकला. पण ते वेगळं.) मी राहुलला म्हटलं, ही पद्धत झाली का? तो म्हणाला, मामा, गाण्यात कोणी खरंच विचारत नाही. मी म्हटलं, मग गातात कशाला?

एवढ्यात माईकवरून "अनंता काका, ढोलकी" असं नाव पुकारलं. मला वाटलं पान वाढलं. ढोलकी काखेला होती ती घेऊनच उठलो, तर मला माईकपुढं नेऊन बसवलं. मी आयुष्यात कधी गायलेलो नाही. माझा आवाज आमच्या म्हशीलाही चालत नाही, धारेच्या वेळी नलू मला गोठ्यातून हाकलते. पण समोर ती पोर, तिचा सवाल पडलेला, आणि माझ्या मांडीवर नवी शाई. मी हात जोडून म्हटलं, "मंडळी, सवाल पडून हाय. शाहीर हजर न्हाय, तवा ढोलकीवाला जबाब देतो. चूकभूल पोटात घाला." आणि थाप मारली. आता "कुठे गेलास" याचं उत्तर द्यायचं म्हणजे गेलेला माणूस कोण ते ठाऊक पाहिजे. तिचा मला ठाऊक नव्हता. घर सोडून गेलेला असा एकच माणूस मला ठाऊक, म्हणून त्याच्यावरच बांधत गेलो:

गेला न्हाय गो कुठं, तो बसलाय तळ्याला,
लेकीच्या ओटीवर हात लावून गळ्याला,
दातांची लाज त्याला, गाण्याची न्हाय,

चौथी ओळ या क्षणी आठवत नाही. तशी फार महत्त्वाची नव्हती.

संपलं. मग सगळी सभा माझ्याकडं बघून चुटक्या वाजवायला लागली. आपल्याकडं चुटकी कोणासाठी वाजवतात ते तुम्हाला माहीत आहे. मी आजूबाजूला कुत्रा बघितला, नव्हता. राहुल म्हणाला, ही इथली दाद. म्हणजे एका ठिकाणी मनातल्या मनात, दुसऱ्या ठिकाणी बोटानं. तोंडानं द्यायला कोण अडवतं या लोकांना? मी त्या नाव लिहिणाऱ्या मुलीला विचारलं, बाई, जिंकलं कोण? ती म्हणाली, इथं कोणी जिंकत नाही काका. बरं, मग हरलं कोण? म्हणे कोणीच नाही. दादा, त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढे लोक एवढ्या लांबून येतात, गातात, आणि न जिंकता न हरता घरी जातात. घरी गेल्यावर विचारलं तर सांगतात तरी काय?

पायरीवर मी चपला शोधत होतो तेव्हा ती राही आली आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "काका, तो माणूस खरा आहे का?" मी म्हटलं, खरा आहे, माझ्या बायकोचा भाऊ आहे, याहून खरा माणूस नसतो. मग ती सांगायला लागली. तिचे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीचे डोळे लिहिणं हे त्यांचं काम, आणि डोळे लिहिताना ते गायचे. लोक म्हणे कारखान्याच्या दारात उभं राहून ऐकायचे. कुठल्याशा आजारानं घसा बसला, तो सुटला तेव्हा आवाज जरा फाटलेला आला. त्यांना कोणीतरी हसलं. तेव्हापासून ते डोळे लिहितात, पण गात नाहीत. रोज घरात असतात, जेवतात, झोपतात, पण जो गायचा तो माणूस कुठं गेला ते हिला कळत नाही. तेच तिचं गाणं. ती म्हणाली, "मी हे पुष्कळ ठिकाणी गायले. लोक म्हणतात चाल छान आहे. तो कुठे गेला हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मी ढोलकी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, वाजव जरा. तिला वाजवता येत नव्हती. तरी वाजवली तिनं.

तर असा अलिबागच्या लाईव्हचा वृत्तांत. मला त्यातलं थोडंसुद्धा कळलेलं नाही आणि मंडळाला गाणारा मिळालेला नाही. एक जेवणाऱ्यांत गातो, एक कॉफीवर गातो, आणि जिला सवाल टाकता येतो तिला आपला गण येत नाही. तरी आपण मुळीच काळजी करू नये. आम्ही गौरीची रात्र कशीतरी निभावून नेऊ. तुम्ही तळ्याहून येण्याची बिलकुल तसदी घेऊ नये, गुडघ्याला त्रास होईल. हे पत्र केवळ खुशाली कळावी म्हणून आहे, त्यात दुसरा हेतू नाही. तेजस्वीला आशीर्वाद, जावईबापूंना रामराम, आणि उठलात तर तुम्हालाही.

तुमच्या सुराच्या मागं जन्मभर धावलेला,
अनंता ढोलकीवाला

ता. क. चौथी ओळ आठवली. "सांगा कुणी जाऊन त्या खुळ्याला" अशी होती. यमक जुळत होतं म्हणून ती आली, माझ्या मनात तसं काही नव्हतं. (होतं, पण थोडं.) तुम्हाला मुद्दाम कळवतोय कारण तिथल्या लोकांनी मोबाईलवर ते उतरवून घेतलं आणि आता ते फिरतंय. काल दिघीच्या धक्क्यावर चहावाल्यानं मला दाखवलं. तळ्यापर्यंत पोचलं नसेल तर उत्तम. पोचलं असेल तर हे पत्र आधी वाचावं. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं, पण आता जागा नाही.

ता. क. दुसरा. रविवारी सकाळी फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्यानं विचारलं, शाहिराचं नाव? मी काही ठरवून गेलो नव्हतो. तोंडाला जे नाव सवयीनं आलं ते सांगितलं. शाहीर म्हटल्यावर दुसरं नाव येतच नाही, त्याला मी काय करू? फ्लेक्स आला. शुभमनं तो फेरीच्या धक्क्यावर लावला आहे, येणारा जाणारा वाचतो. तुमचा फोटो तेजस्वीच्या लग्नातला आहे, त्यात तोंड मिटलेलं आहे, काळजी नसावी. नेत्रानंही वाचला. ती मला बाजारात भेटली तेव्हा मला वाटलं चिडवणार. तर पोर म्हणाली, "भिकूआण्णा येणार असले तरच माझा सवाल उभा हाय. दुसऱ्या कुनाचा जबाब मी घेनार न्हाय." आणि वर म्हणाली की त्या रात्री तिला वाटलं होतं तुम्ही दात हातात धरूनच तिला असा जबाब द्याल की तिलाच गाशा गुंडाळावा लागेल. ती वाट बघत उभी होती म्हणे.

ता. क. तिसरा. राही गौरीच्या रात्री आपल्या वडिलांना घेऊन येणार आहे. "दातांची लाज असलेला तो माणूस गाणार असेल तरच बाबा येतील. गाणार ना तो?" असं तिनं मला स्पष्ट विचारलं होतं. मी हो म्हणालो. पायरीवर बसून त्या पोरीला नाही म्हणणं मला जमलं नाही, तुम्हालाही जमलं नसतं.

ता. क. शेवटचा. वरचं सगळं नलूला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरमालक कुठं गेला न्हाय. भाडेकरू मागनं आले, आदी गेले, मग दुसरे आले. मालक जल्मापास्नं तितंच हाय, मदोमद. पडून हाय नुस्ता." मी विचारलं, कोण गं? तर तिनं मला जीभ काढून दाखवली आणि सूप घेऊन आत गेली. एवढ्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. मी दिवसभर घुश्शात होतो, जेवलोही नाही (उपास होताच). संध्याकाळी म्हशीला चारा घालताना डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथंच एकटा हसत सुटलो. दादा, जबाब तयार आहे. शुभमला सांगितलेला नाही, कोणालाच सांगितलेला नाही, कारण हा जबाब ढोलकीवाल्यानं देऊन चालायचं नाही. ज्या घराबद्दल सवाल आहे त्या घरातूनच तो यायला पाहिजे. कवळी लावून या, नाहीतर वाटीत ठेवून या, नलूची कशालाच हरकत नाही. शाई नवी आहे. यंदा गाताना ढोलकीवर काही येऊन पडलंच तर मी थाप मारणार नाही, झेलीन.